कळकलेलं ताक

फार मागे, भांडी आपसांत बोलत तेव्हा, राहीबाईच्या स्वयंपाकघरात एक पितळी पातेलं होतं. दारी कल्हईवाला आला की ते फळीमागे लपायचं. "माझं सोन्यासारखं अंग त्या पांढऱ्या थराखाली कशाला झाकायचं?" आतली कल्हई झिजून गेली. तरी त्यात ठेवलेलं पाणी गोडच राही, म्हणून त्याचा ताठा वाढला.

एका सकाळी राहीबाईनं त्यात आंबट ताक ओतून ठेवलं. पातेल्याच्या अंगातलं तांबं हळूहळू बाहेर पडू लागलं.

"अरे, निघालंस कुठे? पाण्यात तर गप्प बसतंस!" पातेलं ओरडलं.

"पाण्यात माझा पाय निघत नव्हता," तांबं म्हणालं. "आंबटानं वाट करून दिली, आणि अडवायला आता कल्हई नाही."

दुपारपर्यंत ताक कळकून हिरवट झालं. राहीबाईच्या नातीनं त्यातलं पेलाभर प्यायलं आणि ती भडाभडा ओकली.

"मेलं ताकच वाईट!" म्हणत राहीबाईनं उरलेलं उकिरड्यावर फेकलं.

"फारच आंबट होतं ते," पातेलं म्हणालं. फळीवरच्या सगळ्या भांड्यांनी होकार भरला.

मग राहीबाईनं पातेलं चिंचेनं लख्ख घासलं, आणि पोट बिघडलेल्या नातीसाठी त्यातच आमसुलाचं सार उकळायला ठेवलं.