घरचंच

“आणि गॅस?”

“घरचा.”

“डाळ, तेल, मसाला?”

“घरचंच सगळं.”

“रांधतं कोण?”

“आत्या. तीही घरचीच.” ऋजुता हसली. “म्हणून तर म्हणतेय, वकीलबाबा. खर्चाच्या जागी शून्य लिहा. मला एका रुपयाचीही वजावट नको.”

वकीलबाबांनी सुपातला एक खडा उचलून बाजूला टाकला आणि परत गव्हात बोटं घातली.

आईचं अर्धवट ऐकून ऋजुताने काय काय कल्पना केल्या होत्या! कराची कामं करणारा वकील म्हणजे काचेचं केबिन, टेबलावर दोन फोन, आणि समोरच्याला डोळा मिचकावून ‘अजून थोडी बिलं जमवा, मॅडम, बघतो मी’ असं म्हणणारा माणूस. अशा माणसाला काय सुनवायचं, ते ती स्कूटरवर सगळ्या रस्त्याने घोकत आली होती. ती काही वर्षं राहिली त्या डेन्मार्कमध्ये लोक कमाईतला केवढा तरी हिस्सा कर म्हणून देतात आणि वर अभिमानाने सांगतात, इथपासून ते आपला देश आपणच कसा कुरतडतो, इथपर्यंत भाषण तयार होतं.

आणि भेटलं काय, तर प्रवरेच्या काठावरचा लहानसा मठ, शेणाने सारवलेली ओसरी, आणि मांडीवर सूप घेऊन गहू निवडणारे एक म्हातारे गृहस्थ. कोपऱ्यात पंच्याने झाकलेला संगणक.

कुलथे वकील म्हणून सारं गाव त्यांना ओळखायचं. बायको गेल्यावर त्यांनी ऑफिस पुतण्याला दिलं आणि मठात येऊन राहिले. गावाने वकीलसाहेबांचं वकीलबाबा केलं, पण कराचे कागद घेऊन यायचं काही सोडलं नाही.

“तुझ्या बापाचंही रिटर्न मीच भरायचो,” ते म्हणाले. “तो बिलं आणायचा पिशवी भरून. त्यात तुझ्या बारशाच्या पेढ्यांचंही बिल होतं. म्हणे, धंद्याचा खर्च.”

“तेच मला करायचं नाहीये.”

“तू काय करतेस नेमकं?”

“पाककृती लिहिते. आपल्याकडच्या. एका परदेशी संकेतस्थळासाठी. नोकरी नाही, कामागणिक पैसे मिळतात.” तिचा आवाज जरा चढला. “इथल्या बायकांच्या हातात केवढं शास्त्र आहे, ते जगाला कळायला हवं. त्यासाठीच परत आलेय मी.”

“चांगलं आहे.”

“आणि त्या कमाईवर पूर्ण कर भरणार. काही न लपवता.”

“वजावट म्हणजे लपवणं, असं कोणी सांगितलं तुला?”

“सगळे तेच तर करतात.”

“सगळे करतात, ते निराळं.” वकीलबाबांनी सूप खाली ठेवलं. “कायदा साधा आहे, पोरी. कमाई घ्यायची. ती ज्यांच्या जिवावर झाली, ते एकेक वजा करायचं. यंत्राचं यंत्राला, विजेचं विजेला, माणसाचं माणसाला. मग उरतं, ते तुझं. कर त्याच्यावर. तू काहीच वजा करत नाहीस... म्हणजे सगळंच तुझं?”

“कष्ट माझेच आहेत ना.”

“असतील.”

नदीकडून धुण्याचा आवाज येत होता.

“चाळीस वर्षं लोक माझ्याकडे खोटा खर्च घेऊन आले,” वकीलबाबा म्हणाले. “खोटं शून्य घेऊन आलेली तू पहिलीच.”

खोटं? ज्या एका गोष्टीचा अभिमान धरून ऋजुता आली होती, तीच?

“मी खोटं बोलत नाही, बाबा.”

“नाही बोलत. जेवायला काय आणलंयस?”

तिला आठवण झाली. आईने बजावलं होतं, वकीलबाबा फी घेत नाहीत, निदान डबा तरी ने. तिने पिशवीतून स्टीलचा डबा काढला. झाकण उघडताच हुलग्याच्या पिठाच्या, रश्श्यात शिजवलेल्या शेंगोळ्यांचा वास ओसरीभर झाला. लसणाचा, खमंग, घसा खवखवेल असा.

वकीलबाबांनी तिथेच बसून खायला सुरुवात केली. डोळे मिटून खात होते. मधे एकदा नाक पुसलं.

“तू केलंस?”

“पाककृती माझी आहे. सगळ्यात जास्त वाचली गेलेली हीच.” ती थांबली. “म्हणजे... करते आत्या. मी मापं काढते.”

“कशी?”

ऋजुताला हे सांगायला आवडायचं. “आत्याला विचारलं, मीठ किती, तर म्हणते, अंदाजाने. तिखट? बेताने. असं लिहिता येतं का? मग मी काय करते, तिने मिठाची चिमूट उचलली, की तिचा हात वरच्या वर धरते. चिमूट काट्यावरच्या वाटीत सोडायला लावते. वजन घेते. मग ती परत उचलून पातेल्यात टाकते.”

“दर वेळी?”

“दर वेळी. मीठ, हळद, तिखट, पीठ, सगळं. वैतागते ती. म्हणते, ‘तुझ्या या काट्यापायी माझी आमटी गार व्हायला लागली गं.’ पण करते. पीठ कितपत घट्ट ते सांगता येईना, तर माझंच बोट धरून पिठात खुपसलं तिने. म्हणाली, ‘एवढं. आता लिही.’”

वकीलबाबा हसले. ऋजुताही हसली. मग तिचं हसू ओसरलं.

“पण सोमवारपासून ती जाणार आहे.”

“कुठे?”

“मुलींच्या हॉस्टेलच्या स्वयंपाकघरात. कामाला.” इतका वेळ कोंडलेलं बाहेर आलं. “मला कळतच नाही, बाबा. घरात काय कमी आहे तिला? आमचे बाबा तिला एका शब्दाने बोलत नाहीत. माझा तर ती जीव आहे. नवीन काम हातात आलंय, वर्षभराचं, आणि सगळं तिच्यावर अवलंबून. तिला सांगितलं, रडले तिच्यापुढे. तर म्हणते, ‘मन रमत नाही गं घरात.’ परक्या पोरींच्या पोळ्या लाटण्यात कसलं आलंय मन रमणं?”

“काय देतात तिथे?”

“नऊ हजार.”

“तिच्या हातात?”

“हो. म्हणजे तिच्या खात्यावर. खातं उघडायला मीच गेले होते तिच्याबरोबर.”

“आणि इथे?”

“इथे काय?”

वकीलबाबा शेवटचं शेंगोळं रश्श्यात घोळवत राहिले.

“इथे...” ऋजुता म्हणाली. “इथे घरचंच ना...”

शब्द तोंडातून निघाला आणि तिचा तिलाच ऐकू आला.

“शालन माहीत आहे मला,” वकीलबाबा म्हणाले. “लहानपणापासून. भावाच्या घरी राहणारी बाई आहे ती. ती मागायची नाही.” त्यांनी बोट चाटलं. “तिच्या चिमटीचं वजन केलंस, पोरी. वजा नाही केलीस.”

ऋजुता खाली सारवणाकडे बघत राहिली.

मग एकदम तिने मान वर केली. असं काही कळलं की लगेच कामाला लागायची तिची सवय होती.

“मग दाखवू या ना खर्च. गेल्या वर्षीचा. मानधन, शालन खर्डे... महिन्याला दहा हजार धरा. नाही, बारा. हॉस्टेलपेक्षा जास्त असू दे. लिहा तुम्ही.”

“दिलेस?”

“नाही... पण द्यायला हवे होते.”

“‘द्यायला हवे होते’ असा रकाना नसतो.”

“पण तिने काम केलंय! खरंच केलंय. ते खोटं कसं?”

“काम खरं आहे. दिलं मात्र नाहीस. वजा करायच्या आधी द्यावं लागतं.”

“मग काय लिहायचं?”

“तुझं ते काट्याचं बिल आहे ना? लॅपटॉप तुझ्या पैशाचा? वापराने झिजला तेवढा त्याचा घसारा निघेल. इंटरनेट तू भरतेस? तेवढं लिहू. ते खरं आहे.” वकीलबाबा उठले. संगणकावरचा पंचा त्यांनी घडी करून बाजूला ठेवला. “गॅस बापाचा, किराणा बापाचा. तिथे काही नाही. आणि शालनच्या नावापुढे शून्य.”

“मघाशी तुम्ही शून्याला खोटं म्हणालात.”

“मघाशी तू ते मिरवत होतीस.”

एका बोटाने एकेक अक्षर शोधत ते टाइप करत राहिले. ऋजुता शेजारी उभी राहून आकडे सांगत होती. तिचा आवाज आता अगदी साधा होता. कर बराच येत होता. सकाळी याच आकड्याचा तिला केवढा अभिमान वाटला असता.

“मुदत उद्याची आहे,” वकीलबाबा म्हणाले. “पण आज रात्रभर राहू दे. सकाळी मी पाठवायला घेईन, तेव्हा तुझ्या फोनवर एक नंबर येईल, तो मला सांगायचा. तोवर काही बदलायचं असेल, तर बदल.”

“बदलण्यासारखं काय आहे यात?”

“यात काही नाही.”

ती निघाली तेव्हा ते विहिरीपाशी डबा घासत होते. ती पळत गेली. “अहो, राहू द्या, घरी घासेन मी.”

त्यांनी ऐकलं नाही. राखेने घासला, विसळला, पंच्याने कोरडा केला. मग आत गेले आणि त्यात भाजलेल्या शेंगा भरून घेऊन आले. गच्च. झाकण लागेना, तर दोन शेंगा काढून तिच्या हातात ठेवल्या.

“हे कशाला, बाबा?”

“शालनला दे.”

“पण कशाला?”

“खाल्लंय मी तिच्या हातचं,” वकीलबाबा म्हणाले. “डबा रिकामा कसा पाठवू?”

आणि ते परत गव्हाकडे वळले.

दुसऱ्या दिवशी सकाळी ऋजुता लवकर उठली. खोलीचं दार लावून तिने फोन हातात घेतला, गेल्या वर्षीच्या कमाईचा आकडा काढला आणि त्याच्या बरोबर निम्मे पैसे आत्याच्या खात्यावर पाठवले. साठवलेलं जवळजवळ सगळं गेलं. हिवाळ्यात डेन्मार्कला जुन्या मैत्रिणींना भेटायला जायचं होतं, ते आता होणार नव्हतं. तिला वाटलं होतं, फार मोकळं वाटेल. तसं काही वाटलं नाही. उशीर झाल्यासारखं वाटलं.

तेवढ्यात वकीलबाबांचा फोन आला. तिने आलेला नंबर सांगितला. पलीकडे एका बोटाची टकटक ऐकू आली.

“भरलं,” ते म्हणाले.

“बाबा... मी आत्ता आत्याला पैसे पाठवले. वर्षभराचे. निम्मे.”

“बरं.”

“हे पुढच्या वर्षी दाखवता येतील ना?”

“येतील. दिलेस ना आता.”

ती घुटमळली. खरं विचारायचं होतं ते हे नव्हतं.

“बाबा, आता थांबेल का ती?”

“थांबवायला दिलेस,” वकीलबाबांनी विचारलं, “की तिचे होते म्हणून?”

आणि फोन बंद झाला.

स्वयंपाकघरात आत्या कणीक मळत होती. कपाळावर आलेली बट मनगटाने मागे सारत तिने विचारलं, “चहा घेतलास का गं?”

ऋजुता दाराच्या चौकटीला टेकून उभी राहिली. रात्री तिने मनात बरंच काही जुळवलं होतं. नको जाऊस, मी नऊच्या जागी बारा देते, तुझं नाव छापायला लावते, असं सगळं. त्यातलं एकही वाक्य आता तिच्याने म्हणवेना.

“आत्या,” ती म्हणाली, “सोमवारी हॉस्टेलवर तुला मीच सोडते. संध्याकाळी आणायलाही येते.”

आत्याचा हात परातीत थांबला. तिने भाचीकडे नीट पाहिलं. चेष्टा नव्हती.

“आणि तुझं ते लिखाण?”

“रविवारी करू. तुला वेळ असेल तर. तू सांगशील त्या दराने.”

“दर?”

“तुझा दर.”

आत्याने तो शब्द जरा वेळ तोंडात धरला. कणकेचा गोळा उलटला, वरून तेलाचा हात फिरवला, आणि परात झाकून ठेवली.

“विचार करून सांगते,” ती म्हणाली.