तीस हातांचा दोर

मत्तय महाराज त्या वर्षी आगमनकाळात बाभूळखेड्याला मुक्कामी होते. नाताळाआधीचे चार रविवार ते कुठल्या तरी आडगावात काढीत, दर रविवारी मंदिरात एकेक मेणबत्ती लावून कीर्तन करीत आणि मिळेल ती भाकरी खाऊन ओट्यावर निजत. अशा पुरुषाचे पाय आपल्या गावाला लागावेत, केवढे हे भाग्य! बाभूळखेड्याला मात्र ते जरा उशिराच कळले.

गावात मंदिर नवे बांधले होते, पण घंटा नव्हती. पहिल्या रविवारच्या कीर्तनात महाराज म्हणाले, "घंटेची काळजी सोडा. मी ती प्रभूपाशी मागितली आहे. चौथी मेणबत्ती लागायच्या आत ती आलेली असेल."

कीर्तन संपले तसा शिमोन पुढे सरकला. हा शिमोन म्हणजे गावचा दोर वळणारा म्हातारा. साऱ्या गावाची दावी, कासरे, मोटेचे नाडे याच्याच हातचे.

"म्हाराज, घंटा येनार म्हंजी तिला दोर लागंल. म्या वळू?"

"वळ, शिमोन. पाहुणा यायचा म्हटला की आपण आधी बाज टाकतो. तीस हात वळ."

का, कशाला, असे शिमोनने विचारले नाही. दुसऱ्याच दिवशी त्याने घायपात तोडून ओढ्याच्या डबक्यात कुजत घातली. पुढच्या आठवड्यात ती बडवून, धुऊन तिच्या तंतूंचा पांढराशुभ्र वाख काढला आणि मंदिरासमोरच्या लिंबाखाली तीन पेडी दोराला पीळ द्यायला बसला.

गावचे पंच गमलिएलराव रोज तिथून जात. गावात लिहिता-वाचता येणारे तेवढे एकटेच, त्यामुळे टपालही त्यांच्याच हाती येई आणि शहाणपणही, असा त्यांचा समज होता. आपल्याला विचारल्याशिवाय कुणी एक बुवा येतो काय, घंटा कबूल करतो काय, हे त्यांच्या मनात सलत होते.

"काय रे शिमोन, मंदिर बारा हात उंच आणि दोर तीस हात? घंटा बांधायची का हत्ती?"

"म्हाराजांनी सांगितलं तेवढा वळतोय, पंच."

"मग ऐक. चौथ्या रविवारी घंटा दिसली नाही, तर तुझा दोर माझ्या बैलांना, आणि बुवांचं कीर्तन या गावात कायमचं बंद!"

शिमोनला दोराचे काहीच वाटत नव्हते. पण महाराजांचे कीर्तन बंद होणार, देवाच्या वचनाला पोरेटोरे हसणार, हे त्याला सोसवेना. भाकरी गोड लागेना. पीळ देता देता तो पुटपुटे, "देवबापा, माझी लाज जाऊ दे, तुझी नको जाऊ देऊ."

दुसरी मेणबत्ती लागली, तिसरी लागली. घंटेचा पत्ता नाही. चौथ्या रविवारी सकाळी दोर पुरा झाला. शिमोनने तो आपल्या हाताने मोजला. बरोबर तीस भरला.

उपासनेला माणसे जमली होती. गमलिएलरावांना तेवढेच हवे होते. मंदिरामागे जुनी विहीर होती, तिच्या काठच्या उंच दगडावर ते चढले, कपाळावर हात धरून वाटेकडे पाहू लागले आणि ओरडले, "पाहू द्या तरी, कुठवर आली बुवांची घंटा!"

लोक हसले. आणि त्याच क्षणी दगड निखळला. पंच खाली गेले!

विहिरीला पायऱ्या नव्हत्या. दोन वर्षे मोट बंद, त्यामुळे नाडा नव्हता. पंचांना पोहता येत नव्हते. कपारीतला एक दगड धरून ते कसेबसे तरंगत होते. कुणी दावी एकमेकांना बांधून सोडली, पण ओढ बसताच मधली गाठ निसटली. पंचांचा आवाज क्षीण होत चालला.

शिमोन दोर घेऊन काठावर आला आणि थबकला. या विहिरीचे नाडे त्यानेच वळले होते. पाणी पंचेचाळीस हातांवर आहे, हे त्याच्याइतके कुणालाच ठाऊक नव्हते.

"म्हाराज, दोर तीसच हात हाय. पंधरा हात कमी पडतोय."

महाराज त्याच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "शिमोन, तू दोर माझ्या सांगण्यावरून वळलास की प्रभूच्या?"

"परभूच्या."

"मग सोड."

शिमोनने डोळे मिटले आणि दोर सोडला. दोर हातातून सरसर सरकत राहिला, सरकतच राहिला. शेवटचे टोक मुठीत येते न येते तोच खालून हिसका बसला. पंचांनी दोर धरला होता! दहा माणसे धावली आणि गमलिएलरावांना ओढून वर घेतले. धन्य तो प्रभू आणि धन्य त्याचा हा म्हातारा! लोकांनी तिथेच दोर मातीवर पसरून दोनदा मोजला. तो तीसच हात भरला.

पंच उठले आणि महाराजांच्या पायांवर पडायला आले. महाराज मागे सरले.

"इकडे नव्हे, पंच. मनात काय आहे ते आधी बोला."

गमलिएलराव ढसाढसा रडू लागले. "महाराज, घंटा आलीय. दुसऱ्या रविवारच्या आधीच आलीय. लांबच्या कुणा भक्तानं रेल्वेनं पाठवली. ठेसनावर पडून आहे. ती आल्याचं कार्ड माझ्या हाती आलं आणि मी ते दाबून ठेवलं. तुमचा शब्द खरा ठरू नये म्हणून."

माणसे संतापली. दोघे-तिघे पुढेही धावले. शिमोन मात्र जागच्या जागी बसला. त्याच्या डोळ्यांना धार लागली होती.

"म्हंजी देवबापानं येळेवरच धाडली व्हती," तो म्हणाला. "आन् म्या रोज इचारत व्हतो, कवा धाडनार म्हनून!"

ते ऐकले आणि गमलिएलरावांनी सगळ्या गावादेखत त्या दोर वळणाऱ्या म्हाताऱ्याच्या पायांवर डोके टेकले. शिमोनने गडबडून पाय आखडले.

"उठा पंच, वल्ल्या कापडात गारठाल."

पण पंच उठले नाहीत.