घट्ट सीट

फटफटी दिसली की लोक वळून बघत, त्या काळची गोष्ट. फटफटीच्या सीटांच्या दुकानातली एक घट्ट सीट कुणी घेईना. गिऱ्हाईक अंगठ्याने दाबून बघे आणि शेजारची गुबगुबीत सीट पसंत करी.

"उद्या मालक तुला उसवणार गं!" गुबगुबीत चिडवी. आपल्यातच खोट असेल, असं घट्ट सीटला वाटे.

एकदा भार्गवराव आणि इंदिराबाई आले. रावांनीही अंगठाच दाबला.

"अहो, अंगठ्याला बसायचंय की आपल्याला?"

मग दोन्ही सीटा एकेक करून त्यांच्या फटफटीवर चढवल्या. गुबगुबीत सीट एकट्या रावांना छान वाटली, पण बाई बसताच ती खचली आणि बाई घसरून रावांच्या पाठीवर आल्या. घट्ट सीटवर मात्र दोघं ऐसपैस बसले.

"हीच द्या," राव म्हणाले.

गुबगुबीत थक्क झाली. "दोघांना पेललंस की! आधी बोलली का नाहीस?"

"मला तरी कुठं ठाऊक होतं? आजवर कुणी बसलंच नव्हतं."