गिरजाक्कानं साहेब वाजवून पाहिला

आमच्या बाजारात गिरजाक्का कुंभारीण माठ विकायची. ऐन उन्हाळ्यात मोबाइलवरून पैसे घेणाऱ्या कंपनीचा साहेब आला नि गुरकावला, "ए आक्के, आधार, पॅन, अंगठा, सगळं माझ्या फोनात दे. नाहीतर तुझा पैसे घ्यायचा क्यूआर कोड आत्ताच बंद!"

कोड गेला की गिऱ्हाईक शेजारच्या दुकानात जाणार.

आक्का म्हणाली, "देते की! पण माझा माठसुद्धा लोक टिचकी मारून घेतात. आधी तुमचं आधारकार्ड काढा, मी फोटो घेते."

साहेब दचकला. "अनोळखी बाईला कसं देऊ? कुणी गैरवापर केला तर?"

"हेच मी विचारणार होते, दादा."

गिऱ्हाइकं खो खो हसली. साहेबानं घाम पुसला, कोड चालू ठेवला नि म्हणाला, "कागद बँकेतच दाखवा, आक्का."