इदुवेनच्या चपला

“मग सर, मान्य ना? इदुवेन मेलेला आहे.”

शेवग्याच्या शेंगा घेऊन मी परुळेकर सरांच्या पडवीत पोचले, तेव्हा त्यांची जुनी विद्यार्थिनी शलाका हेच विचारत होती. शेंगा देऊन परतायचं होतं. पण हे ऐकल्यावर कोण परतेल?

इदुवेन ज्या कादंबरीत आहे ती मूळची इंग्रजी. सर शाळेत तास उरला की ती मराठीतून सांगायचे. एल्फ, म्हणजे ती टोकदार कानांची, कधी म्हातारी न होणारी रानातली माणसं, सगळी शेवटी डोंगरात निघून जातात. डोंगराचं दार मिटतं. त्यांचा दारवान इदुवेन आत गेला की बाहेर राहिला, लिहिलेलंच नाही.

त्यावर जगभर लोक भांडतात म्हणे. शलाकाने तो त्याआधीच मेल्याचे पुरावे काढले होते. उद्या पुण्याला जाऊन ती ते एका चर्चासत्रात मांडणार होती, आणि सरांनी हो म्हटल्याशिवाय तिचा पाय निघत नव्हता.

“पुलावरच्या लढाईत तो मेला. त्यानंतर त्याच्या ताटातला घास कमी होत नाही. चिखलात पाऊल उमटत नाही. त्याच्या एकाही प्रश्नाला कुणी उत्तर देत नाही. तो बोलतो, आणि माणसं वाऱ्याकडे बघतात.”

माझ्या अंगावर काटा आला.

सर डोळे मिटून ऐकत होते. “सुंदर,” म्हणाले. “इतकी वर्षं सांगितलं, पण वाऱ्याकडे बघणारी ती माणसं मला दिसली नव्हती.”

शलाका फुलली. “आता वाद संपला, सर.”

“यंदा मे महिन्यात पुस्तक वाचलंस?”

दर मे महिन्यात ती ते वाचायची. शाळेपासूनची सवय.

“उघडलं होतं…”

“मग?”

“मिटलं. नुसती अक्षरं दिसत होती.” मग हळूच, “असं का झालं, सर?”

सर उठले. आत जाऊन चामड्याच्या कोऱ्या चपला घेऊन आले. चांगल्या हातभर लांब. गावाच्या राखणदार वेताळाला दरवर्षी नव्या चपला वाहतात, आणि यंदा ती पाळी त्यांच्या घराची होती.

“चल गो. ऊन उतरलंय.”

मलाही तिकडेच जायचं होतं, असं मी म्हटलं. सर हसले फक्त.

वेताळाची घुमटी, म्हणजे छोटंसं देऊळ, वाडीच्या टोकाला. आत गेल्या वर्षी अशाच कोऱ्या वाहिलेल्या चपला होत्या. सरांनी एक उचलून शलाकाच्या हातात दिली.

“तळ बघ.”

टाच पार झिजली होती. वेताळ रात्रीचा गावाभोवती फिरतो, असं आम्ही म्हणतो.

“मांड सिद्धांत.”

“ओल लागली असेल. किंवा कुणी दगडावर घासली असेल. किंवा कुणी खरंच घालून हिंडत असेल.”

“तिन्ही पटण्यासारखे आहेत,” सर म्हणाले. कौतुकानेच म्हणाले. “तरी नव्या ठेवायच्याच. ठेव.”

तिने त्या नीट जोडून ठेवल्या. चवडे देवाकडे, टाचा आपल्याकडे. पुढ्यात फूल ठेवलं. हात जोडले.

मग राहवलं नाही तिला. “सर, एकदाच सांगा. इदुवेन मेलाय, की नाही?”

सर गुडघ्यावर हात टेकत खाली बसले. या वयात त्यांना ते जड जातं. मी पुढे झाले, तर हातानेच मला थांबवलं.

त्यांनी एक चप्पल उचलली आणि फिरवून ठेवली. मग दुसरी. टाचा देवाकडे, चवडे वाटेकडे.

शलाका बघत राहिली…

“अशा ठेवायच्या,” सर म्हणाले. “निघताना त्याला वळावं लागू नये.”