पालथी बादली

"मग हा बैल ओकत का नाही?"

प्रश्न ऐकून तेल न्यायला आलेल्या दोघा गिऱ्हाइकांनी हसू दाबलं. काशिबा देशमाने हसले नाहीत. त्यांनी घाण्यात मूठभर करडई सारली आणि विचारणाऱ्या पोरीकडे नीट बघितलं.

"कशापायी ओकावं त्यानं?"

"दिवसभर एकाच जागी गरागरा फिरतो. माणूस असता तर दहाव्या फेरीला आडवा झाला असता. तुम्ही त्याला काहीतरी चारता. मामा म्हणाला मला."

"चारतो की. कडबा."

"औषध म्हणतेय मी."

"कधी पेंड बी घालतो..."

फलटणच्या अलीकडे रस्त्याला लागून काशिबांचा लाकडी घाणा आहे. बैल जुंपून चालणारा. पंचक्रोशीत त्यांची ख्याती तेलापेक्षा बैलांसाठी जास्त. कुणाचाही बुजरा खोंड महिन्याभरात घाण्याला लावून देतात. मैथिली वाळिंबे पुण्याहून सकाळच्या एस.टी.ने आली होती ती ही ख्याती ऐकून. काशिबांकडे बैलाची चक्कर घालवणारी एखादी मुळी असणार, अशी तिची ठाम समजूत होती. शिकलेल्या माणसांचा मुळीवर फार विश्वास.

"त्याच्या डोळ्यांवर झापड हाय," काशिबा म्हणाले. "फिरताना दिसत न्हाई, म्हनून गरगरत न्हाई."

"माझ्याही डोळ्यांवर झापडच असते."

तिने पिशवीतून हेडसेट काढला. काळा, रबरी कडांचा. काशिबांनी तो हातात घेतला, उलटा केला, आत डोकावून पाहिलं.

"ह्यात काय दिसतंय?"

"गेम. मी खुर्चीत बसते आणि आत घरांच्या छपरांवरून धावते. बाण मारते, उड्या मारते. डोळे म्हणतात धावतेयस, पोट म्हणतं बसलीयस. दोघांचं भांडण लागतं आणि..."

"आन् निकाल तोंडातून येतो."

आता गिऱ्हाइकं उघड हसली. मैथिलीचे कान लाल झाले.

"हसण्यावारी नेऊ नका. साध्या पडद्यावर मी आठशे जणांत पहिली आलेय. पण अंतिम फेरी हेडसेट लावून आहे. सलग वीस मिनिटं. हैदराबादला, चोवीस दिवसांनी. बाबांनी एवढी एकच संधी दिलीय. नाही जमलं तर गेम बंद, आणि मी बँकेच्या परीक्षेला बसायचं."

"आत्ता किती टिकतीस?"

"पहिल्या दिवशी नऊ मिनिटं टिकले होते."

"आन् आता?"

"...चार."

"उलटंच चाललंय की."

"पण मी सोडत नाही!" ती उसळली. "आलं झालं, लिंबू झालं, सुंठ झाली, गोळ्या झाल्या. शेजारी बादली घेऊन बसते. ओकेपर्यंत खेळते, चूळ भरते, पुन्हा बसते. मोडेन पण वाकणार नाही."

हे तिने एखादा गड घेतल्याच्या थाटात सांगितलं. मग आवाज जरा उतरला.

"काल मात्र गेम चालूसुद्धा केला नव्हता. नुसता या रबराचा वास आला, आणि..."

पुढचं तिने गिळलं. तिला रडू येत होतं. वीस दिवस रोज हरत होती बिचारी, आणि रोज स्वतःला शाबासकी देत होती.

काशिबा उठले. हेडसेट तिला परत दिला, गोठ्यात गेले आणि एक तांबडा खोंड घेऊन आले.

"ह्यो पाखऱ्या. नवा हाय. आठ दिस झालं."

त्यांनी जुना बैल सोडून पाखऱ्याला जुंपलं आणि त्याच्या डोळ्यांवर झापड बांधली. पाखऱ्या पहिली फेरी अडखळत चालला. दुसऱ्या फेरीत पाय सरळ पडू लागले. तिसऱ्या फेरीत त्याने कान ढिले सोडले आणि ऐटीत चालायला लागला. घाणा कुरकुरत फिरू लागला.

"हो... हो..."

काशिबांनी त्याला थांबवलं आणि सोडलं. पाखऱ्या अजून मान पुढे काढून चालायला बघत होता.

"अहो, सोडलात का? आत्ता कुठे लागला होता चालायला!"

"म्हनूनच."

"उलट दमेपर्यंत चालवला असता तर लवकर शिकला असता."

"शिकला असता की. बसायला."

काशिबांनी पाखऱ्याची झापड काढली.

"बैल घाण्यात एकदा बसला, की त्येला वाटतं ही जागा बसायचीच. मग दावं वढा, शेपूट पिरगाळा, उठत न्हाई. पुढं पुढं तर नुसतं जू दिसलं तरी बसतोय."

मैथिलीने हातातल्या हेडसेटकडे पाहिलं.

"काढ चपला," काशिबा म्हणाले. "पाय भुईला लागू देत. आन् खेळ."

"इथे? सगळ्यांसमोर?"

"पाखऱ्या चालला की सगळ्यांसमोर."

तिने चपला काढल्या. स्टुलावर बसली. सवयीने म्हणाली, "एक बादली द्या."

काशिबांनी मोरीतली बादली आणली. मैथिलीने ती ठेवायला जागा केली. काशिबांनी बादली तिच्यासमोर पालथी घातली आणि त्या बादलीवरच बसले.

"अहो!"

"गुडघं दुखत्यात माजं."

"पण मला ओकारी आली तर?"

"यायच्या आधी काय येतं?"

तिने हा विचार कधी केला नव्हता. डोळे मिटून आठवू लागली.

"तोंडाला पाणी सुटतं."

"त्येच्या आधी?"

"...कपाळ गार पडतं."

"त्येच्या बी आधी?"

तिने डोळे आणखी घट्ट मिटले.

"जांभई," मैथिली हळूच म्हणाली. "एक बारीकशी जांभई येते."

"मग जांभईला उठ."

"जांभईला? ती तर दोन मिनिटांत येते! तेव्हा उठायचं म्हणजे हरल्यासारखंच झालं."

"कुनापुढं?"

तिने हेडसेटच्या रबरी कडा पुसल्या.

मग तिने हेडसेट लावला. दोन्ही हातांनी हवेत बाण सोडू लागली, डावीकडे वाकली, खाली झुकली. तेलाचे डबे तसेच ठेवून गिऱ्हाइकं बघत राहिली. एकजण म्हणाला, "पोरगी भारी लढतीया." काशिबांचं मात्र तिच्या हातांकडे लक्षच नव्हतं. ते तिच्या जबड्याकडे बघत होते.

"आली."

"नाही."

"गिळलीस."

"अजून थोडंच आहे... समोर देवळाचं शिखर दिसतंय मला..."

काशिबा बादलीवरून हलले नाहीत.

मैथिलीने अजून दोन बाण सोडले. तिसऱ्याला हात वर गेला आणि वरच राहिला. वीस दिवसांत तिला दर वेळी ओकारीनेच थांबवलं होतं. आपण होऊन थांबणं तिला ठाऊकच नव्हतं. मग तिने हेडसेट काढला.

समोर ऊन होतं. पाखऱ्या कडबा खात होता. करडईच्या ताज्या तेलाचा वास येत होता आणि तो तिला चक्क आवडला.

पोट जागच्या जागी होतं.

ती हसायला लागली. हसता हसता डोळे भरून आले आणि तिने ते लपवले नाहीत. इतका आनंद तिला आठशे जणांत पहिली आल्यावरसुद्धा झाला नव्हता.

"किती मिनिटं झाली?"

"म्या काय घड्याळ लावून बसलो न्हवतो."

त्यांनी तिला तांब्याभर पाणी दिलं, गुळाचा खडा दिला आणि लांबच्या डोंगराकडे बघत बस म्हणाले. बरंच ऊन उतरल्यावर म्हणाले, "हां. लाव."

दुसऱ्या वेळी जांभई जरा उशिरा आली, किंवा मैथिलीला तसं वाटलं. तिने लगेच हेडसेट काढला. तिसऱ्या वेळी ती शिखरापर्यंत पोचली, तिथून पुढच्या गल्लीतही उतरली. जांभई आली तेव्हा ती आपणहून उठली. कुणी सांगावं लागलं नाही. रबराचा वास येतोय की नाही, याकडे तिचं ध्यानही गेलं नाही.

"काशिबा, चोवीस दिवसांत वीस मिनिटं होतील?"

काशिबांनी गोठ्याकडे मान वळवली. जुना बैल तिथे निवांत उभा होता.

"त्यो दिसभर चालतोय. त्यो बी तीन फेऱ्यांनीच लागला."

मैथिलीच्या चेहऱ्यावर एकदम उजेड पडला. तिने हेडसेट पुन्हा उचलला.

"मग आता शेवटचं एकदाच! खरंच सांगते, अजिबात मळमळत नाहीये. आत्ता अगदी छान वाटतंय. पुढच्या छपरावर काय आहे ते बघायचंय मला."

"लई खेळावंसं वाटतंय?"

"हो!"

काशिबा बादलीवरून उठले. धोतर झटकलं. तिच्या हातातून हेडसेट घेतला, तिच्या पिशवीत ठेवला आणि पिशवी तिच्या खांद्याला अडकवली.

"मग खेळू नगंस... ही हौस तशीच घरी घिऊन जा."