जीपवरचं नाव

आटपाट गाव होतं. तिथं येसाजी ड्रायव्हर, त्याची लेक वच्छला आणि त्यांची एक जीप सुखानं नांदत होती. जीपला आरसे तीन. मधला म्हातारा, मागचा रस्ता बघायचा. बाहेर एक उजवा, एक डावा.

येसाजीनं जीपच्या डाव्या अंगावर लेकीचं नाव रंगवून घेतलं होतं. ते सारखं दिसावं म्हणून त्यानं डावा आरसा आत वळवून ठेवला. आरशात अक्षरं उलटी दिसत, तरी बापाला गोड. डावाही तोऱ्यात असायचा.

म्हातारा म्हणायचा, "अरे पोरा, मागचं मी बघतोय. तू बाहेर बघ. कडेनं कोण येतं ते मला दिसत नाही."

"वा आजोबा! मालकाची लेक नजरेआड करू होय?"

एकदा जीप शाळेच्या वळणावर डावीकडे वळली आणि किंकाळी उठली. येसाजीनं करकचून ब्रेक दाबला. कडेनं सायकलवर येणारी वच्छलाच गटारात पडली होती. गुडघा फुटला, जीव वाचला.

"बाबा, मी दिसले नाही तुम्हाला?"

येसाजीनं तिला उचलून कडेला बसवलं. त्यानं आरसा बाहेर ढकलला, पार नाव दिसेनासं होईपर्यंत. डाव्याला भरून आलं. पण दुसऱ्या दिवशी त्याच वळणावर त्याच्यात अख्खी वच्छला उगवली, वेण्या उडवत. येसाजीनं जीप थांबवून तिला पुढं जाऊ दिलं.

आता ती जीप वच्छलाच चालवते. येसाजी शेजारी बसून निर्धास्त डुलक्या घेतो, आणि कडेनं येणाऱ्या गावच्या साऱ्या लेकी सुखरूप घरी पोचतात.